वाटेवरचे गाव



पाय चालतात तोवर वारकऱ्याला प्रश्न पडत नाही. पाय थांबले की पडतो: आता मी वारकरी उरले का? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पायी वारी बंद करायला सांगितली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या सोबतीला आहे. यंदा चैत्रात मुलाकडे अमेरिकेत, अटलांटाला होते. तिथेही तो आलाच.

मुलाने तीन दिवसांसाठी मोटारहोम भाड्याने घेतले. म्हणजे चाकांवरचे घर. ओटा, पलंग, पाण्याची टाकी सगळे गाडीतच. मुक्कामाला वीज आणि पाणी जोडून घ्यायचे, सकाळी सोडवून पुढे निघायचे. सुनेला वाटले, आईंना अवघड जाईल. पण आमच्या दिंडीतले ट्रक, राहुट्या आणि टँकर दुसरे काय करतात? पाणी बेताने वापरावे आणि मुक्कामाला आपले म्हणू नये, हे वारीत अंगवळणी पडलेलेच असते.

आम्ही गेलो ते जॉर्जिया राज्यातल्या डालोनेगा या डोंगरातल्या लहान गावी. चौकात १८३६ सालची विटांची जुनी कचेरी आहे. तिथे आता सोन्याचे संग्रहालय आहे. १८२९च्या सुमारास या भागात सोने सापडले आणि माणसांची झुंबड उडाली. १८३८ साली सरकारने इथे टांकसाळही सुरू केली. गावाचे नाव चेरोकी भाषेतल्या ‘पिवळा’ या अर्थाच्या शब्दावरून पडले. पण ज्यांची ती भाषा, त्या चेरोकी लोकांना त्याच १८३८ साली सैन्याने घराबाहेर काढले आणि दूर पश्चिमेला धाडले. कितीतरी जण शेकडो मैल पायी गेले. हजारो माणसे छावण्यांत आणि वाटेत मेली. त्या वाटेला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. शिवरायांचा नजराणा तुकोबांनी परत पाठवल्याची कथा कीर्तनात कितीदा ऐकली होती. त्या काचेमागचे सोने पाहताना तिचा अर्थ नव्याने टोचला. एकाचा लोभ दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतो.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. डॉगवूडच्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या रानातून गाडी नील गॅप नावाच्या खिंडीत चढली. इथून अ‍ॅपलेशियन ट्रेल ही पायवाट जाते. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावर ती सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून मेन राज्यातल्या कटाहडिन शिखरावर संपते. अंतर सुमारे २,१९० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. सलग चालणाऱ्याला पाच ते सात महिने लागतात. झाडांवर रंगवलेले पांढरे पट्टे वाट दाखवतात.

निघालेले लोक तीन-चार दिवसांत या खिंडीत पोचतात. तिथल्या दगडी इमारतीत दुकान आहे. तिथे पाठीवरची पिशवी उघडून नको ते सामान काढायला मदत करतात आणि लोक ते टपालाने घरी पाठवतात. पूर्वी बाहेरच्या झाडावर जुने बूट लटकलेले दिसत. वाटेवर प्रत्येकाला नवे नाव मिळते. हुद्दा, आडनाव मागे राहते. आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच नाव: माउली.

मुलगा म्हणाला, “आई, या लोकांना वाटेत कुणी खाऊ-पाणी दिले, तर त्याला ते ट्रेल मॅजिक म्हणतात.” मी गाडीत जाऊन शेंगदाणा-गुळाच्या लाडवांचा डबा घेऊन आले. रानात अस्वले आहेत, अन्न ठेवून जायचे नसते. म्हणून एकेकाच्या हातात देत राहिले. भुकेल्या माणसाचा हात कुठल्याही देशात सारखाच पुढे येतो.

माझ्याच वयाची एक बाई ओझे उतरवून शेजारी टेकली. लाडू खाता खाता तिने विचारले, “तुम्ही कुठून चालत आलात?” मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणाले, “तिला सांग, पंचवीस वर्षे चालले. आता मी वाटेवरचे गाव आहे.”

बोलून गेले, आणि मग लोणंद, फलटण, नातेपुते डोळ्यांपुढे आले. तिथल्या किती आयाबायांनी आम्हाला पाणी पाजले, भाकरी वाढली, अंगणात पाठ टेकू दिली! त्यांतल्या कितीजणी कधी पायी पंढरीला गेल्या असतील? आम्ही वारकरी, आणि त्या कोण? त्यांच्यावाचून आमचे एक पाऊल तरी पडले असते का?

पुंडलिकाची कथा आपण सगळे सांगतो. तो देवाकडे चालत गेला नाही. आईबापांच्या पायांशी बसून राहिला, आणि देवच त्याच्या दारी आला. देवाला उभे राहायला त्याने वीट दिली. ज्याच्या ओढीने आपण चालतो, तो तर अठ्ठावीस युगे एकाच जागी उभा आहे. वारीत चालण्याला जेवढा मान, तेवढाच सेवेत थांबण्याला आहे.

ज्यांचे पाय थकले आहेत, त्या माउलींनी मन खाऊ नये. येत्या आषाढीला पालखी जवळून जाईल, तेव्हा दारात पाण्याचा हंडा भरून ठेवावा. गाव वाटेवर नसेल, तर आपल्या दाराशी येणारा तहानलेला वारकरीच समजावा.