भिशीचे पैसे आणि भाऊजींची बुलेट

तुमच्या घरात लग्नाचा दीर किंवा कॉलेजात जाणारा मुलगा असेल, तर रात्री कुकर उतरवताना गल्लीच्या तोंडाशी फटाका फुटल्यासारखा आवाज तुम्हीही ऐकला असेल. आमच्या सासूबाई तेव्हा "आला गं!" म्हणतात आणि मी ताट वाढायला घेते.

माझं माहेर इंदापूर, सासर बारामती. धाकट्या भाऊजींनी नोकरी लागल्यावर बुलेट घेतली, 350 सीसीची. आली तेव्हा कशी धीरगंभीर होती! दोन महिन्यांत हँडल बदललं, आरसे गेले, मागचं मडगार्ड कापलं, डोळे दिपवणारे दिवे बसले. मग एक दिवस म्हणाले, "वहिनी, गाडीचं थोडं काम आहे, 6 हजार कमी पडतात." मी भिशीचे काढून दिले. कसलं काम, ते विचारलं नाही. बोहारणीशी एका पातेल्यासाठी अर्धा तास हुज्जत घालणारी मी!

काम निघालं सायलेन्सरचं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आवाज जिरवायला पडदे असतात, विषारी धूर कमी करणारी जाळी असते. बाजारातले हे 'पंजाब' आणि 'इंदोरी' म्हणजे जवळजवळ पोकळ नळकांडी. चालत्या गाडीचं बटण क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केलं, की न जळलेलं पेट्रोल त्या नळीत जाऊन पेटतं आणि ठाप्प! एवढ्या मोठ्या मोटारसायकलचा आवाज 80 डेसिबलच्या आत ठेवूनच कंपनीला ती विकावी लागते. पुढे आपले लोक तो वाढवायला पदरचे पैसे घालतात.

खरं सांगू? मला राग आला नाही. हळदीकुंकवाला भाऊजींनी मला सोडलं, तेव्हा अख्ख्या आळीतल्या बायका दारात आल्या होत्या. मी पदर सावरत ऐटीत उतरले.

तिकडे इंदापुरात माझ्या भाच्याचंही हेच. सुट्टीला गेले की म्हणायचा, "आत्या, तुमच्या बारामतीच्या बुलेटचा आवाज म्हणजे तुझं शिवणयंत्र!" मी हा निरोप हसत हसत भाऊजींना पोचवायची. तेही उलट निरोप द्यायचे. दोघांच्या गाड्यांवर पाटी एमएच 42 चीच, कारण दोन्ही तालुक्यांचं आरटीओ एकच. तरी म्हणे बारामतीवाले आणि इंदापूरवाले! पूर्वी ही ईर्ष्या बैलगाड्यांच्या शर्यतीत निघायची. 2014 मध्ये त्या बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली, पण अटी घालून. बैलाला पळवण्याआधी डॉक्टरांचा दाखला लागतो. पोरांना कोण तपासतो?

आणि रस्ता तरी कोणता, तर तुकोबांच्या पालखीचा! आषाढीला पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. पालखीचं पहिलं गोल रिंगण वाटेवर बेलवाडीला होतं. आम्ही नणंदा-भावजया दरवर्षी तिथे भेटतो. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मग विणेकरी, आणि शेवटी अश्व सुटतात. पायाखालची माती लोक कपाळाला लावतात. आता हा पालखी मार्ग चौपदरी झाला आणि एरवी त्यावर काय काय सुटतं ते विचारू नका.

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. रात्री अकरा वाजून गेले तरी भाऊजी आणि आमचे चिरंजीव घरी नव्हते. "मित्राकडे जेवण आहे" सांगून गेलेले. चिरंजीव तेरा वर्षांचे! शेवटी आले. मुलाच्या गालावर, हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याचे ओरखडे होते आणि दात वाजत होते. मला बघताच म्हणाला, "आई, आपण जिंकत होतो."

भवानीनगरच्या पुढे शर्यत लावली होती. भाऊजींच्या मागे हा, शेजारी माझा भाचा. गळीत हंगामाचे दिवस. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन कडेला उभा, चाकाला दगड लावलेला, मागे दिवा ना रिफ्लेक्टर. भाऊजी कसेबसे बाजूने निसटून उसात घुसले. भाचा ट्रॉलीला घासून पडला. गळपट्टीचं हाड मोडलं. तेवढ्यावर निभावलं.

त्या रात्री मला राहून राहून दुसरंच आठवत होतं. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीखाली दोन तरुण जीव गेले. त्या मुलाला आधी 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला होता. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. 300 शब्दांचा निबंध मी नववीला 'पहिला पाऊस' यावर देते! ती बातमी वाचून मी पेपर आपटला होता. "कसले हे आईबाप!" असं सासूबाईंना म्हटलं होतं. आणि भाऊजी आमच्या मुलाला मळ्यातल्या वाटेवर बुलेट चालवायला देतात, हे मला ठाऊक होतं.

कायदा मी मग वाचला. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी मान खाली घातली. भाऊजी भाताची शितं निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढले. कंपनीचा जुना सायलेन्सर तिथेच पडला होता, गोणपाटात गुंडाळलेला. भाऊजींना म्हटलं, "माझे 6 हजार परत नकोत, हा लावून आणा." गॅरेजवाला म्हणे खूप हसला. संध्याकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली तरी सासूबाईंना कळलंच नाही.

इंदापूरच्या वहिनीने मला अजून एक शब्द विचारलेला नाही. फोनवर खुशाली विचारते, भाच्याचा हात आता वर जातो म्हणते, आणि थांबते. त्या निरोपांचं आणि पैशांचं तिला माहीत नाही. आषाढीला बेलवाडीच्या रिंगणाला ती येईल. तिथे गर्दीत बाजूला घेऊन तिला सांगायचं ठरवलं आहे. रागावली तर रागावू दे.