मनीची उबळ

मांजराइतका स्वच्छतेचा सोस दुसऱ्या एखाद्या प्राण्याला क्वचितच असेल. झोपेतून उठले की अंग चाटावे, खाणे झाले की पंजा ओला करून तोंड पुसावे, उन्हाच्या तिरिपेत बसल्या बसल्या मानेपासून शेपटीपर्यंत जीभ फिरवावी, हा त्याचा नित्यक्रम. आपल्याला फणी लागते, पाणी लागते, पंचा लागतो. मांजराची ही सारी कामे एकटी जीभच करते.

मांजराने आपला हात चाटला, तर तो खरवडल्यासारखा वाटतो. याचे कारण त्याच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांची टोके घशाच्या दिशेने वळलेली असतात. आपली नखे ज्या केरॅटिन नावाच्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याचे हे काटे होत. अमेरिकेतील जॉर्जिया येथील अॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, प्रत्येक काट्याच्या टोकाला पळीसारखी इवलीशी खोबण असते. तिच्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचते आणि ती वाळताना मांजराचे अंग थंड होते. मातीच्या रांजणातून झिरपलेले पाणी वाळते व आतले पाणी गार होते, तोच हा न्याय.

परंतु या काट्यांमुळेच एक अडचणही उद्भवते. गळालेला केस जिभेला चिकटला, की उलट्या काट्यांमुळे तो थुंकून टाकता येत नाही. तो गिळावाच लागतो. केस पोटात पचत नाही. बहुतेक केस मळावाटे निघून जातात. उरलेले जठरात एकमेकांत गुंततात आणि त्यांचा गोळा होतो. मग एके दिवशी मांजराला उबळ येते.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना वाटेत बिडकीन हे गाव लागते. भोवती काळी जमीन आणि कपाशीची शेते. तेथील एका घरी मनी नावाची करडी मांजरी होती. घरातल्या सहावीत शिकणाऱ्या मुलीचा तिच्यावर भारी जीव. एका सकाळी मनी ओसरीवर दबून बसली. तिने मान पुढे ताणली. पोट आत-बाहेर होऊ लागले आणि घशातून खरखर आवाज निघू लागला. मुलगी घाबरून ओरडली, “आजी, मनीच्या घशात काहीतरी अडकलं गं!”

“जरा थांब. तिला हात लावू नकोस,” हातातले सूप खाली ठेवून आजी म्हणाली.

क्षणभरात जमिनीवर करंगळीएवढी ओलसर वस्तू पडली. मुलीला ती देवापुढल्या वातीसारखी दिसली. घरात कापूस होताच. मनीने तोच खाल्ला असावा असे तिला वाटले. आजीने काडीने ती वस्तू उकलून दाखवली. आत सारे मनीचेच करडे केस होते. अन्ननलिकेच्या अरुंद वाटेने येताना गोळा असा लांबट होतो. मनीने अंग झटकले आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात ती खाण्याच्या वाटीकडे गेली.

पुढे वैशाखात मात्र निराळेच घडले. दोन दिवसांत मनीला पाच वेळा उबळ आली, पण बाहेर काहीच पडले नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “एरंडेल पाजा, पोट साफ होईल.” आईने बाटली काढलीही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आई, तिने कालपासून काहीच खाल्लं नाही. राखेच्या ढिगातही ती गेलेली नाही.” हे ऐकताच आजी म्हणाली, “मग हे आपलं काम नव्हे. तिला दवाखान्यात न्या.”

पशुवैद्यांनी मुलीची सारी हकिगत शांतपणे ऐकली. मनीचे पोट चाचपले. कानामागचे केस बाजूला करून पाहिले. तेथे पिसवा होत्या. खाज सुटल्यामुळे मनी अंग फार चाटत होती आणि म्हणून पोटात केसही फार जात होते. “तेल पाजलं नाहीत, हे बरं केलंत,” ते म्हणाले. “ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरलं असतं, तर जीवावर बेतलं असतं. आणि गोळा आतड्यात अडकला असता, तर शस्त्रक्रियाच करावी लागली असती.” औषधोपचाराने मनी तिसऱ्या दिवशी खाऊ लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचे अंग विंचरण्याचे काम मुलीकडे आले.

मुलांनो, क्वचित एखादा गोळा पडला व मांजर पूर्ववत खेळू लागले, तर भिण्याचे कारण नाही. लांब केसांच्या मांजरांना हा त्रास अधिक होतो. नियमित विंचरल्याने गळणारा केस फणीत येतो, पोटात जात नाही. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत शोभते. प्रत्यक्षात पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्यांपैकी काही मांजराला विषासमान असतात. वारंवार उबळ येणे, अन्न टाकणे, शौचास न होणे, पोट फुगणे, मलूल पडून राहणे ही धोक्याची चिन्हे होत. नुसता खोकला येत राहिला, तर तो दम्याचाही असू शकतो. तोंडातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. आतडे कापले जाण्याचे भय असते. अशा वेळी पशुवैद्यच गाठावा.

प्राण्यांच्या पोटात साचणाऱ्या खड्यांना व गोळ्यांना एके काळी मोठे मोल होते. फारसीत त्यांना ‘पादजहर’, म्हणजे विषावरचा उतारा, म्हणत. सतराव्या शतकात गोव्यातील गास्पार आंतोनियो या जेझुइट धर्मबंधूने तसले कृत्रिम खडे बनवले. ‘गोव्याचे खडे’ म्हणून ते युरोपात गेले आणि तेथील धनिकांनी ते सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपून ठेवले. त्या खड्यांनी विष उतरते हा समज पुढे टिकला नाही.

मांजराचा गोळा सोन्याच्या डब्यात ठेवण्याजोगा खचितच नाही. पण तो पडला की नाही, किती दिवसांनी पडला, त्यानंतर मांजर जेवले की नाही, एवढे ध्यानात ठेवणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळते. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. ज्याने त्याच्याकडे रोज लक्ष दिले असेल, त्यालाच वैद्यासमोर त्याच्या वतीने दोन शब्द बोलता येतात.