मोठ्या अक्षरांची वही

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी दाखला घेतला तो चाकरांकडे पैसे सोपवून परदेशी गेलेल्या धन्याचा. एकाने पाचाचे दहा केले, दुसऱ्याने दोनाचे चार, आणि तिसऱ्याने आपल्या वाटणीचं जमिनीत पुरून ठेवलं. शंभरदा ऐकलेला दाखला. पण त्या तिसऱ्या चाकराची पाळी आली की मी अजूनही खाली पायांकडे बघते. का, ते सांगते.

आमच्या घरात सगळे गाणारे. वडील पेटी वाजवत, भाऊ तबल्यावर, बहीण कॉयरमध्ये पुढच्या रांगेत. मी तोंड उघडलं की आई हळूच म्हणायची, "तू नुसते ओठ हलव गं!" शाळेत साठ मुलांपुढे आवाज चढवणारी मी, देवळात प्रार्थनेला उभं केलं की मला घाम फुटायचा. तेव्हा देवाने आपल्याला सेवेजोगं काही दिलेलंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. फार सोयीचं असतं हो ते, कुणी काही मागायला येत नाही.

एक होतं, अक्षर. वडिलांनी बोरूने गिरवून घेतलेलं. शाळेतला फळ्यावरचा सुविचार, प्रशस्तिपत्रकांवरची नावं, सगळं माझ्याकडेच यायचं. पण अक्षराला कुणी कृपादान म्हणतं का?

आईला काचबिंदू झाला. 'उपासना संगीत'मधली बारीक अक्षरं तिला दिसेनात. पहिलं-दुसरं कडवं पाठ असायचं, पुढे अडखळायची आणि मग गप्प. १९९० च्या दिवाळीआधी म्हणाली, "बाळ, माझी पंधरा-वीस गाणी मोठ्या अक्षरांत लिहून देतेस का?" मी म्हटलं, "सहामाहीचे पेपर होऊ देत." मग जनगणनेचं काम लागलं, मग वार्षिक परीक्षा. तिने परत विचारलं नाही. १९९१ च्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या कपाटात दोनशे पानी कोरी वही सापडली. पहिल्या पानावर गाण्यांचे नंबर, एकावर एक चढलेले, चाचपडत लिहिलेले.

ती वही मी निवृत्त होईपर्यंत उघडली नाही.

मग देवळात माझ्या शेजारी बसणाऱ्या एक काकू दर रविवारी "चष्मा विसरले" म्हणू लागल्या. पुस्तक न आणलेल्या मुलाचा चेहरा मास्तरणीला ओळखू येतो! घरी आले, आईची वही काढली आणि लिहायला बसले.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काळं स्केचपेन लागतं, निळं फिकं पडतं. अर्धा इंच उंचीचं अक्षर, मध्ये एक ओळ रिकामी. कडवं एका पानावर संपलं पाहिजे, गाताना पान उलटायला लागता कामा नये. आणि अनुस्वार, रफार ठळक द्यावे लागतात, कारण अधू नजर आधी तिथेच फसते. भाचा म्हणतो, "आत्या, मोबाईलवर मोठं करता येतं." येतं की! पण म्हातारं बोट जरा हललं की गाणंच गायब होतं.

लिहिताना मला केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बाया आठवतात. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबल तिथल्याच छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियांनी खिळे जुळवून छापलं. बाई १९२२ साली गेल्या, पुस्तक पुरं झालं १९२४ मध्ये. रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण खिळे जुळवणाऱ्या त्या बोटांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

असो. आता एकोणिसावी वही चालू आहे. हात कापायला लागलाय, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहिते, तेव्हा जरा स्थिर असतो. रेघ हलली तरी वाचणारीला ती सरळच दिसते, असं त्या काकू म्हणायच्या.

आईच्या यादीतली सगळी गाणी पहिल्या वहीत झाली. एकच नंबर काही केल्या लागेना, १३१ आहे की १३९. शेवटी मी दोन्ही लिहिली.