माणिक चौकातली पाच नावं

प्रिय चिऊ,

पोलंडमधल्या त्या लहानशा गावात तू चौकातल्या दगडावर कोरलेली नावं वाचलीस आणि लिहिलंस, “मामा, आपल्या नंदुरबारला युद्ध कधी आलंच नाही ना?”

आलं होतं की. आपण ते युद्धाच्या खात्यावर मांडत नाही, स्वातंत्र्यलढ्याच्या मांडतो, इतकंच. १९३९ साली इंग्रजांनी कुणाला न विचारता हिंदुस्थानला लढाईत ओढलं. त्याच संतापातून १९४२चं ‘चले जाव’ पेटलं. ९ ऑगस्टला पुढारी गजाआड गेले. बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबरला, आपल्या पेठेतून पोरांची मिरवणूक निघाली. तिरंगा शिरीषकुमार मेहताच्या हातात. जन्म २८ डिसेंबर १९२६चा, म्हणजे सोळावंही सरलं नव्हतं. घोषणा गुजरातीत, घरात बोलायचा तीच भाषा. माणिक चौकात पोलिसांनी आधी लाठ्या चालवल्या, मग गोळ्या. बंदूक मुलींवर रोखलेली पाहून तो स्वतः पुढे झाला, असं गावात अजून सांगतात.

त्या गोळीबारात त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. गुजराती आणि मराठी घरांतली पोरं, एकाच दिवशी. भाषणांत मात्र शिरीषकुमारवर अर्धा तास आणि हे चौघे एका दमात उरकलेले. मला ते फार खटकतं.

तुझ्या पोलंडचा धागाही इथे महाराष्ट्रातच सापडतो बघ. १९४०मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात नेली. पुढे सुटका झाल्यावर त्यातली कितीतरी इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. ज्या राजवटीने नंदुरबारच्या पोरांवर गोळ्या झाडल्या, तिच्याच आश्रयाने वर्षभराने ही पोलिश पोरं निर्धास्त शाळेत जात होती. यातली एक गोष्ट सांगून दुसरी झाकणं मला जमत नाही. ती माणसं गेल्यावर तिथेच फाळणीत घरदार सुटलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते.

तुझ्या घरमालकीणबाईंना विचार, त्यांच्या ओळखीत कुणी वळिवड्याला वाढलेलं आहे का. असेल तर जाऊन भेट. आणि आपल्या गावाचं सांगशील तेव्हा पाचही नावं घे.

तुझा,
मामा