लंगोट वाळत नाहीत तेव्हा

मी सोलापूरकडची. आमच्याकडे पाऊस आला की माणसं कौतुकाने दारात येऊन उभी राहतात. लग्न होऊन आले संगमेश्वर तालुक्यात. इथे तो जूनमध्ये येतो आणि मुक्कामच ठोकतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माहेरी त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. बाळंतपण माहेरी झालं. तिसरा महिना सरता सरता लेकीला घेऊन सासरी आले, तेव्हा मृग लागला होता. ‘आता नारळी पौर्णिमेपर्यंत घरातच,’ असं सासूबाई म्हणाल्या. मला ती थट्टा वाटली.

मृग, आर्द्रा निभावली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागलं, इथल्या भाषेत तरणा पाऊस, आणि थट्टा खरी ठरली. दुपारी तीनलाच तिन्हीसांजेसारखं अंधारून यायचं. कुठेतरी फांदी पडून वीज जायची, तिच्यामागोमाग मोबाइलची रेंज. नवरा सकाळी रत्नागिरीला कामावर जायचा तो रात्रीच परतायचा. लेकीला दिवस-रात्र कळायची नाही आणि हळूहळू मलाही कळेनाशी झाली.

त्यात लंगोटांचा ढीग. पडवीतल्या दोरीवर टाकलेलं दुपटं दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागायचं, त्याला कुबट वास यायचा. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून विरळ विणीची मोठी बांबूची टोपली काढली. शेगडीत धूर गेलेले निखारे, त्यावर टोपली पालथी आणि टोपलीवर लंगोट. हे सगळं पडवीत, लेकीपासून लांब. शेजारी पाट टाकून कुणीतरी बसायचंच, कारण कपड्याने पेट घ्यायला वेळ लागत नाही. एक बाजू वाळली की उलटायचं, वीज असेल तर वरून इस्त्री फिरवायची. शिवण आणि नाड्या शेवटपर्यंत ओल्या राहतात. लंगोट वाळला की नाही हे नाडी गालाला लावून बघायचं, हे मी तिथे शिकले.

धुरीवरून मात्र आमची जुंपली. सासूबाईंना ओवा-शेपांची धुरी हवी होती, डॉक्टरांनी बाळाच्या खोलीत धूर नको म्हणून बजावलं होतं. तोडगा असा निघाला, की धुरी कपड्यांना, तीही पडवीत. कोवळं ऊन मिळणार नव्हतंच, पण डॉक्टरांनी लिहून दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब पहिल्या वर्षभर, ऊन असो वा नसो, रोज द्यायचेच होते. साडेतीन महिन्यांच्या लशीच्या दिवशी साकवावरून पाणी चाललं होतं, म्हणून जाता आलं नाही. जीव टांगणीला लागला. नर्सताईंनी फोनवर सांगितलं, ‘उशीर झाला तर पुढे चालू करता येतं, पहिल्यापासून घ्यावं लागत नाही. पाणी उतरलं की या.’

घराला कौलं. वानरं नाचून गेली की ती सरकतात आणि काल जिथे कोरडं होतं तिथे आज गळतं. पाळणा वाशाला टांगलेला, त्यामुळे गळती पाळण्यावर आली की लेकीला उचलून गोधडीसकट दुसऱ्या कोपऱ्यात. गळतीखाली स्टीलचं पातेलं ठेवलं. टप्प झालं की ती मान वळवायची, पुढचा थेंब पडेपर्यंत श्वास रोखल्यागत बघत राहायची, पडला की पाय झाडायची. बाजारातला खुळखुळा तिने एवढ्या मनापासून कधी ऐकला नाही.

तरी माझं मन लागेना. लेक मजेत होती; कोंडल्यासारखं मला झालं होतं. खालच्या घरातल्या काकू एका दुपारी छत्री निथळत आल्या, फणसाच्या आठळ्या घेऊन. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगो, डोकं कधी धुतलंस?’ मी म्हटलं, ‘केस वाळत नाहीत काकू. आणि हिला कोण बघणार?’ त्यांनी लेकीला मांडीवर ओढलं. ‘बंबात पाणी आहे ना? जा. शेगडीशी बसून केस वाळव, मगच इकडे ये.’

कढत पाण्याने न्हाऊन मी शेगडीशी बसले, तेव्हा हातात बाळ नव्हतं आणि लंगोटही नव्हता. पडवीत काकू लेकीला पागोळ्या दाखवत होत्या, सासूबाई आठळ्या सोलत होत्या, दोघींचं गावभरचं बोलणं चाललं होतं. त्यानंतर काकू रोज चारला येऊ लागल्या. पावसात तसूभर फरक पडला नाही, पण दिवसाला चार वाजायला लागले. सकाळ त्या वेळेकडे बघत जायची आणि संध्याकाळ त्या गप्पांवर निघायची.

म्हणून सांगते, पावसाळ्यात कुणाकडे बाळ बघायला जाल तर झबलं-टोपडं नेऊ नका; तेही वाळवावंच लागतं. तासभर बाळ मांडीवर घ्या आणि त्याच्या आईला न्हायला पाठवा. जमलं तर दुसऱ्या दिवशीही जा.