मिरजेतील अठरा दिवस

सांगोल्याहून निघालेली आमची गाडी मिरज जंक्शनात शिरली, तेव्हा फलाटावर उतरणाऱ्या अनेकांच्या हातांत तपासण्यांच्या कागदांची पाकिटे होती. सोलापूर, विजापूर, बेळगाव, कोल्हापूर अशा चारी दिशांनी माणसे या गावी येतात, ती बहुधा दुखणे घेऊन. ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले, की आमच्या भागात ऐकणारा पुढचे काही विचारीत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्हीही तसेच आलो. यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे सापडले होते आणि डॉक्टरांनी बायपास शस्त्रक्रिया सांगितली होती. यांचे वय ७१, माझे ६७. मुलगा पुण्याहून रजा घेऊन आला होता.

मिरजेचा रुग्णसेवेचा लौकिक जुना आहे. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी शल्यविशारदांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट चालू लागले. याच गावाचा दुसरा लौकिक संगीताचा. या दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळाल्याची हकीकत बालगंधर्वांच्या चरित्रात येते. कोवळ्या वयातील नारायण राजहंस यांच्या कानाला व्याधी होती. शाहू महाराजांनी त्यांना उपचारांसाठी मिरजेला डॉ. वानलेस यांच्याकडे पाठविले. तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. पुढे १९०५ च्या सुमारास ते याच मंडळीत दाखल झाले. ज्या जागी ते प्रथम रंगभूमीवर आले, तेथे आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. कान दाखवायला आलेल्या मुलाला या गावाने गाणे दिले, असेच म्हणावयाचे!

हे सारे मला वाचून ठाऊक होते; पण शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यातले काही आठवले नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे भेटता येई. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले, तर यांनी मला ओळखले नाही. ‘बाई, गोठ्याचे दार लावा, वासरू बाहेर जाईल,’ असे ते मलाच परक्यासारखे सांगत होते आणि हाताची नळी ओढू पाहत होते. उतारवयात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होऊ शकतो, तो बहुधा तात्पुरता असतो, असे डॉक्टरांनी समजावले. मी मान हलविली. बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच मला फार एकटे वाटले.

‘आई, मी इथे बसतो. तू जरा मोकळ्या हवेत जाऊन ये,’ मुलगा म्हणाला. रिक्षावाल्याने कोठे जायचे विचारले, तेव्हा तोंडातून दर्ग्याचे नाव निघाले.

ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या या दर्ग्यात सर्व धर्मांची माणसे येतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत आजारी पडले असता येथे गाऊन बरे झाले, अशी आख्यायिका सांगतात. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना मिरजेला आणून याच आवारात विसावा देण्यात आला. उरसाच्या वेळी गायक-वादक येथे चिंचेच्या झाडाखाली हजेरी लावून त्यांचे स्मरण करतात. मी गेले तेव्हा आवार शांत होते. ओवरीत टेकून मी इअरफोन कानांत घातले आणि मोबाईलवर खाँसाहेबांची भैरवीतील ठुमरी लावली.

त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे. एरवी मी रात्रभर मैफल ऐकणारी. पण त्या दिवशी तीन मिनिटांपलीकडे माझे चित्त ठरले नसते. ते तेवढे मात्र ठरले. बऱ्याच दिवसांनी श्वास खोल गेला, डोळे वाहू लागले. लगोलग मनाने टोचलेही: नवरा तिकडे त्या अवस्थेत आणि तू गाणे ऐकत बसलीस?

परतताना सतारमेकरांच्या गल्लीत पाय रेंगाळले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवायला आरंभ केला. येथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्यांचे भोपळे आमच्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, हे ऐकून मला गाववाला भेटल्यासारखे वाटले. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवीत होते. ‘बसा ताई,’ ते म्हणाले. ‘तार घासून घासून घोडीला खाच पडते, मग आवाज बसतो. वाद्य बिघडलेलं नसतं. जव्हारी पुन्हा काढावी लागते, एवढंच.’ त्यांनी तार छेडली, थोडी कानस फिरवली, पुन्हा छेडली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बसका आवाज खुलला आणि दुकान भरून गेले. मी कोण, कोठून आले, हे त्यांनी विचारले नाही. टोचणी पुरती गेली नाही. पण संध्याकाळच्या भेटीला मी गेले, ती हात न थरथरता.

त्या भेटीत परिचारिकेच्या सांगण्यावरून यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत नेले. आज वार कोणता, आपण कोठे आहोत, हे मी सावकाश सांगितले. मग तिची परवानगी घेऊन, आमच्या घरी रेडिओवर पहाटे लागणारी एक भूपाळी कानाशी गुणगुणले. नळीकडे जाणारा हात थांबला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘चहा झाला का?’ गाण्याने भ्रम गेला, असे मी म्हणणार नाही; औषधे होती, चष्मा होता, काळही होता. पूर्ण भानावर यायला आणखी दोन दिवस लागले. पण त्या दोन दिवसांत त्यांच्यापर्यंत पोहोचायची एक वाट मला सापडली होती.

खोलीत आल्यावर दिवस लांबच लांब वाटू लागले. मुलाने मोबाईलवर ‘लाखाची गोष्ट’ लावून दिला. राजा परांजपे यांचा १९५२ चा हा चित्रपट. पटकथा आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याच्या गदिमांची. महिनाभरात लाख रुपये खर्च करण्याच्या पैजेत सापडलेल्या दोघा कफल्लकांची तारांबळ पाहून यांना हसू आवरेना आणि हसले की छातीची जखम ठणके. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला परिचारिकेने शिकविले होते. तीच उशी आता हसताना धरावी लागली. रोज पंधरा-वीस मिनिटेच पाहायचा, असे ठरले. ‘उद्या काय करतील गं हे?’ असे त्यांनी रात्री विचारले, तेव्हा मला फार बरे वाटले. कारण त्या प्रश्नात उद्या होता.

आपल्यापैकी कोणी आज अशाच एखाद्या दालनाबाहेर बसले असेल, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. गाणे रुग्णाच्या आवडीचे असावे, आपल्या नव्हे. आवाज मंद ठेवावा, अतिदक्षता विभागात आधी विचारावे आणि रुग्णाने नको म्हटले तर लगेच थांबवावे. बाहेर बसताना एकच कान झाकावा, म्हणजे नावाचा पुकारा चुकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी संगीत ऐकल्याने चिंता काहीशी कमी होऊ शकते, असे शास्त्रीय अभ्यासांच्या आढाव्यांतही आढळले आहे. मात्र ते औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या सोबतीला. आणि शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःसाठी तीन मिनिटे घेतली, तर तो अपराध समजू नये. मला हे उशिरा कळले.

अठराव्या दिवशी आम्ही सांगोल्याला परतलो. चित्रपटाची शेवटची वीस मिनिटे राहिली होती. ती घरी, आमच्या ओसरीवर पाहिली. उशी याही वेळी जवळ होती.