सुडो लावलंस का?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक मुलगी नव्याने आली. कॉलेजातून थेट. कंपनीने तिला नवाकोरा मॅक दिला आणि मी माझी इन्स्टॉल स्क्रिप्ट. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली, माझ्या उबुंटूवर मस्त चालणारी. "एक कमांड मार आणि चहा पिऊन ये," असं तोऱ्यात सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन. "सर, स्क्रिप्ट 'इन्स्टॉलेशन यशस्वी' म्हणते, पण डेटाबेस चालूच होत नाहीये."

"सुडो लावलंस का?"

"हो."

"परत चालव मग. पासवर्ड नीट टाक."

साडेनऊला पुन्हा फोन. "सर, मी स्क्रिप्ट उघडून पहिली कमांड हाताने चालवली. एमकेडिर म्हणतंय, रीड-ओन्ली फाइल सिस्टिम." मी जेवत होतो. "अगं, परमिशनचं काहीतरी असेल. सुडो लाव," म्हणून फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी उठून पाहतो तर रात्री 3 वाजता आलेला मेसेज. "सर, माझ्याकडून बहुतेक लॅपटॉप बिघडलाय. सगळं फॉरमॅट करू का? सॉरी." समोरचे पोहे घशाखाली उतरेनात.

मग स्क्रीन शेअर करून बसलो. दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला. माझी स्क्रिप्ट थेट रूटखाली 'डेटा' नावाची डिरेक्टरी बनवते. मोंगोडीबीचा डीफॉल्ट पाथ तसाच होता, मी डोळे झाकून उचललेला. लिनक्सवर रूट युजरला तिथे कोणी अडवत नाही. मॅकवर मात्र 2015 च्या एल कॅपिटनपासून काही सिस्टिम डिरेक्टरींना रूटही हात लावू शकत नाही, आणि 2019 च्या कॅटालिनापासून तर सगळी सिस्टिम वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या व्हॉल्यूमवर असते. तिथे रूटखाली नवीन डिरेक्टरी होतच नाही.

'परमिशन डिनाइड' आणि 'रीड-ओन्ली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर सुडो चालतो. दुसरीवर नाही. दुकानच बंद असेल तर मालकाशी ओळख असून काय उपयोग?

त्याहून वाईट म्हणजे त्या ओळीच्या शेवटी मी एरर डेव्ह-नलमध्ये पाठवल्या होत्या. का, तर स्क्रीनवर घाण दिसते म्हणून! कमांड फेल झाली तरी स्क्रिप्ट थांबत नव्हती, आणि शेवटची ओळ काही न तपासता 'यशस्वी' छापत होती. म्हणजे डिरेक्टरी झालीच नाही हे पोरीला कळणार कसं? तरी तिने ते शोधून काढलं होतं.

सिंथेटिक.कॉन्फ नावाच्या फाइलमधून मॅकवर रूटखाली डिरेक्टरी दाखवता येते, पण तो द्राविडी प्राणायाम कशाला? डेटा होम डिरेक्टरीत हलवला, वर 'सेट -ई' टाकलं, डेव्ह-नल उडवलं. सुडोची गरजच उरली नाही. गंमत म्हणजे रूटखाली आपल्या डिरेक्टरी बनवू नयेत, हे लिनक्सच्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या 2004 च्या आवृत्तीतही स्पष्ट लिहिलंय. वाचतो कोण!

तिला म्हटलं, "लॅपटॉप ठणठणीत आहे. चूक माझ्या स्क्रिप्टची. आणि तू काल रात्रीच बरोबर सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. सॉरी."

ती क्षणभर गप्प. मग, "म्हणजे फॉरमॅट नको ना, सर?"

सोमवारच्या मीटिंगमध्ये हेच सगळ्यांसमोर सांगितलं. थोडी लाज वाटली, पण ती पहिल्यांदाच मोकळी हसली. स्क्रिप्ट दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. पण एका नव्या मुलीने रात्रभर स्वतःला दोष दिला, त्याला कुठला पॅच नाही. तिने एरर मला शब्दशः वाचून दाखवली होती हो.. ती मीच डेव्ह-नलमध्ये टाकली.

असो. आता कोणाचा फोन आला की आधी विचारतो, "एरर काय येतेय? पूर्ण वाच." सुडोचं नंतर बघू. :)